चीक आधी वासराचा



फाल्गुन लागला की आपल्या मुरबाड तालुक्यात पळस लालभडक होतो आणि गोठ्यात नवे जीव येतात. आमच्या शेळीला दोन करडे झाली. कोंबडी अंड्यांवर बसलीय, तिला २१ दिवस लागतात. शेवटी शेवटी अंडे हळूच कानाला लावले तर आतून पिल्लाची चिवचिव ऐकू येते. पण त्यासाठी गप्प राहावे लागते. मोठ्याने बोलणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही.

यंदा शिमग्याला माझा मामेभाऊ आला होता. तो मीरा रोडला शांती नगरात राहतो. मीरा-भाईंदरला मिठागरे पुष्कळ होती, आता बिल्डिंगीच बिल्डिंगी. १९८५ साली तिथे नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका, असे मामा सांगतो. नाव शांती नगर, पण भाऊ फार बडबड्या! दुसऱ्या दिवशी पहाटे आमची गाय व्याली तेव्हा मात्र तो तासभर एक शब्द बोलला नाही. (मोबाईल आईने आधीच काढून घेतला होता, ते बरे झाले.)

आम्ही कुडाला टेकून बसलो. गाय वासराला चाटत होती. चाटल्याने अंग सुकते आणि वासराला हुशारी येते. ती अगदी बारीक आवाजात हुंकारत होती, असा आवाज ती एरवी काढत नाही. वासराची खुरे खाली ओल्या खोबऱ्यासारखी पांढरी आणि मऊ होती. पोटात आईला लागू नये म्हणून ती तशी असतात. वासरू तीनदा पडले, चौथ्यांदा उभे राहिले. मग दूध शोधायला लागले. आधी गाईच्या पुढच्या पायांत, मग पोटाखाली. भाऊ माझ्या कानात म्हणाला, "त्याला कोणी सांगितलं?" मला उत्तर आले नाही.

आता खरे मत सांगतो. आजी म्हणाली, वार पडेस्तोवर पिऊ देऊ नका, पूर्वीपासून तसेच आहे. पुष्कळ घरी असेच करतात. गेल्या वर्षी आमच्याकडेही तसेच केले होते. ते वासरू हगवणीने आठ दिवसांत गेले. म्हणून यंदा बाबांनी गुरांच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले होते. ते म्हणाले, एक-दोन तासांच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. रोगाशी लढायची शक्ती वासराला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. वासराची आतडी ती शक्ती पहिल्या काही तासांतच नीट घेतात. एक दिवस उलटला की जवळजवळ नाहीच. २० किलोच्या वासराला पहिल्या दिवशी दोन लिटर तरी चीक लागतो. आणि वासरू प्यायले की वार पडायलाही मदतच होते.

मला वाटते आजीचे सगळे चुकत नाही. गाईजवळ गर्दी करू नका हेही तीच सांगते आणि ते बरोबर आहे. पण वासरू उभे राहून स्वतःच आचळ शोधत असेल तर त्याला दाव्याने बांधून का ठेवायचे? त्याला भूक लागली हे आम्हां मुलांनाही दिसत होते. आजीने थोडा वेळ पाहिले आणि "पिऊ दे" म्हणाली.

खरवस मलाही आवडतो. भावाला तर जास्तच, शांती नगरात तो विकत आणावा लागतो. पण वासराचे पोट भरून उरेल त्याचाच करावा. आम्ही दुसऱ्या दिवशी केला, छोटी वाटी आली, पुरली.

पालकांनो, आपल्याकडे गाय किंवा म्हैस व्यायची असेल तर शाळेत निरोप पाठवा. आमच्या वर्गातली बरीच मुले गोठ्यात नुसती शेण भरायला जातात, बसून बघत नाहीत. आम्ही चार-चार जण येऊ आणि आवाज करणार नाही.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी