प्रिन्सिपॉलच्या नाकात

मराठीचा प्राध्यापक आणि गोल्फ हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझा पगार विचारतो. दोष त्याचा नव्हे. मराठीच्या प्राध्यापकाचे खेळ ठरलेले आहेत: तरुणपणी कॅरम, चाळिशीत बुद्धिबळ आणि पुढे विद्यापीठाचे राजकारण. मी मात्र गेली आठ वर्षे गोल्फ खेळतो. शेजारच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या कन्येला बारावीचे मराठी जड जात होते. मी तिला समास शिकवले आणि फी घेतली नाही. साहेबांनी त्याची फेड म्हणून मला गोल्फची काठी धरायला शिकवली. मुलगी पास झाली. माझे अजून काही खरे नाही.

तसा गोल्फ आमच्या घरात माझ्याआधीच आला होता, पण खांद्यावरून. माझे वडील, म्हणजे नाना, 1955 च्या सुमारास अकरा वर्षांचे होते. आमच्या छावणीच्या गावात इंग्रजांनी मागे ठेवलेले एक मैदान होते. तिथे साहेबलोकांची काठ्यांची पिशवी उचलून अनवाणी हिंडायचे, एका फेरीचे सहा आणे. चेंडू हरवला की त्यातला एक आणा कापला जाई. त्यामुळे नानांची नजर अशी काही तयार झाली आहे, की ऐंशी उलटल्यावरही तांदळातला खडा त्यांना चष्म्याशिवाय दिसतो. पुढे ते पोस्टात लागले. सहा वर्षे त्या हिरवळीवर चालले, पण चेंडूला काठी म्हणून लावली नाही. "कोणी मनाई केली होती का?" असे मी एकदा विचारले होते. "विचारायचं कोणाला सुचलं होतं?" एवढेच म्हणाले.

गेल्या जूनमध्ये आम्ही मेव्हण्याकडे गेलो. तो स्कॉटलंडात डंडीला असतो आणि तिथून सेंट अँड्र्यूज मोटारीने जेमतेम अर्ध्या तासावर. वारकऱ्याला पंढरपूर अर्ध्या तासावर आहे म्हणून सांगितले आणि वर दर्शन न घेता परत ये म्हटले, तर कसे व्हायचे! तिथल्या ओल्ड कोर्सवर सहाएकशे वर्षे गोल्फ चालला आहे. स्कॉटलंडच्या राजाने 1457 साली या खेळावर बंदी घातली, कारण रयत धनुष्यबाणाचा सराव सोडून चेंडूमागे धावत होती. रयतेने काय केले ते उघड आहे. इथे पूर्वी फेरी 22 होलची असे. 1764 साली ती 18 ची केली, आणि पुढे साऱ्या जगाने तोच आकडा उचलला. ओपन ही थोर स्पर्धा 2022 पर्यंत इथे 30 वेळा झाली आहे.

आम्ही पोहोचलो तो रविवार. रविवारी तिथे खेळ बंद असतो. पाहतो तो काय, मैदानावर निम्मे गाव लोटलेले! कोणी कुत्री फिरवत होते, कोणी बाबागाडी ढकलत होते, आणि ज्या गवतावर जॅक निक्लस चालला त्यावर एक कुटुंब डबा उघडून बसले होते. मी सवयीने काठीवाला रखवालदार शोधू लागलो. तो नव्हताच. पहिल्या टीच्या मागे एका जुन्या क्लबची भारदस्त दगडी इमारत आहे, पण मैदान क्लबाचे नाही. जमीन गावाची आणि कारभार एका ट्रस्टचा. (त्या 1754 च्या क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायला 2014 साल उजाडले, हे सौ. ने मेव्हण्याकडून काढून घेतले आणि परतीच्या वाटेवर मला दोनदा ऐकवले.)

एकट्या खेळाडूने आदल्या दिवशी नाव द्यायचे आणि सोडतीची वाट बघायची. पूर्वी अशी मंडळी रात्रभर दाराशी रांग लावून बसत. 2024 पासून ते बंद झाले. सोबत हँडिकॅपचा दाखला लागतो. हँडिकॅप म्हणजे आपण किती वाईट खेळतो याचे अधिकृत प्रमाणपत्र. माझे 23 आहे. आयुष्यात एकही लॉटरी न लागलेल्या मला मंगळवारी सकाळी साडेआठची वेळ मिळाली. फी किती भरली ते सौ. हा अंक वाचते म्हणून लिहीत नाही.

पहिल्या टीवर माझ्या दिमतीला एक कॅडी आला. साठीचा, लाल गालांचा, कमी बोलणारा. त्याने पिशवीला हात घातला आणि मी पट्टा सोडीना. माझ्या बापाच्या वयाकडे झुकलेला माणूस माझे ओझे वाहणार! आमची अर्धा मिनिट शांतपणे ओढाओढ झाली. शेवटी तो म्हणाला, "साहेब, माझं काम मला करू द्या, तुमचं तुम्ही करा." मी पट्टा सोडला.

माझे काम सोपे नव्हते. पहिल्या आणि अठराव्या होलचे मैदान एकच, शंभर यार्डांहून अधिक रुंद. इथून चेंडू हद्दीबाहेर घालवायला प्रतिभा लागते, आणि 1991 चा ओपन विजेता इयन बेकर-फिंच याने 1995 साली ती दाखवली होती. ते आठवून मला धीर आला. काठी उचलणार तोच कॅडीने हात वर केला. मैदानाला छेदून गावचा रस्ता जातो आणि त्यावरून एक बाई बाबागाडी घेऊन निघाल्या होत्या. त्या सावकाश पलीकडे जाईपर्यंत सगळे थांबले. मग मी चेंडू मारला आणि तो, काय सांगू, सरळ गेला. तिसऱ्या फटक्याला ओढ्यात गेला, ते वेगळे.

ओल्ड कोर्सवर बहुतेक ग्रीनवर दोन-दोन होल नांदतात, चाळीत एका नळावर दोन बिऱ्हाडे असावीत तशी. दुसऱ्याचा सोळावा, तिसऱ्याचा पंधरावा, बेरीज नेहमी अठरा. वाळूचे खड्डे 112, आणि पुष्कळसे टीवरून दिसत नाहीत. त्यामुळे कॅडी दूरचा चर्चचा मनोरा दाखवणार आणि आपण विश्वासाने मारणार. चौदाव्यावर 'हेल' नावाचा खड्डा आहे, पुरुषभर खोलीहून अधिक. त्यातून बाहेर यायला 1995 च्या ओपनमध्ये निक्लसला चार फटके लागले होते आणि त्या होलवर त्याचे दहा झाले. मला पाच लागले. म्हणजे निक्लसमध्ये आणि माझ्यात एका फटक्याचे अंतर आहे, असे मी स्टाफरूममध्ये सांगतो. सोळाव्यावरच्या खड्ड्यांना 'प्रिन्सिपॉलचे नाक' म्हणतात. नोकरीत एकोणीस वर्षे जे चुकवले, त्यात थेट जाऊन पडलो. सतरावा तर हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून मारायचा. माझा चेंडू त्या शेडवर वाजला. कॅडीने काही न बोलता दुसरा चेंडू पुढे केला.

अठराव्या होलचे नाव टॉम मॉरिस. हा माणूस लहानपणी चेंडू शिवणाऱ्याच्या हाताखाली लागला. चार वेळा ओपन जिंकला आणि तरी पुढे जवळजवळ चाळीस वर्षे याच मैदानाचे गवत राखत राहिला. क्लबाच्या कोणा लॉर्डाचे नाव त्या होलला नाही, माळ्याचे आहे. ओढ्यावरच्या इवल्याशा दगडी पुलावर सगळे फोटो काढतात, मीही काढला. कॅडीलाही फोटोत ओढू लागलो, तर तो पिशवी सावरत बाजूला झाला. शेवटी ग्रीनपुढच्या 'पापाच्या दरी'त चेंडू गेला आणि सहा लागले. एकूण 109. कुंपणाला टेकलेल्या एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

तिथल्या चार वाजता, म्हणजे आपल्याकडच्या रात्री साडेआठला, फोन लावला. मी पूल सांगितला, 1457 सांगितले, टॉम मॉरिस तपशिलाने सांगितला. पलीकडे शांतता. मला वाटले, फोन कटला.

"पिशवी कोणी उचलली होती?" नाना म्हणाले.

"तिथलाच एकजण. साठीचा असेल."

"चेंडू किती हरवले?"

"तीन."

"त्याचे पैसे नाही ना कापलेस?"

"नाही हो नाना. उलट वर दिले."

"चहा पाजलास?"

चहा राहून गेला होता. मी हिशेब लिहीत होतो तेवढ्यात तो दुसऱ्याची पिशवी उचलून पहिल्या टीकडे चालू लागला होता. तसे सांगितले.

"पाजायचा होतास," नाना म्हणाले, आणि त्यांनी फोन आईकडे दिला.