आधी सीपीयू उघडा

‘मशीन जुनं झालंय, आता नवंच घ्या.’ हे वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गिऱ्हाइकाचा त्यात दोष नसतो. त्याला ते कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि सांगणाऱ्यानं सीपीयूचं झाकणसुद्धा काढलेलं नसतं. कराडला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, 23 वर्षं झाली. या 23 वर्षांत ‘जुनी झालेली’ म्हणून आलेली निम्म्याहून जास्त मशीनं मी एकच भाग बदलून परत पाठवली आहेत. आजही ती चालताहेत. नवं घ्या म्हणणारे लोकांचा पैसा लुटतात आणि त्यांच्या आठवणी बुडवतात. इतकं उघड बोलायची वेळ आली आहे.

गेल्या दिवाळीनंतर बाई आल्या. आठवीत त्यांनी मला मराठी शिकवलंय. रिक्षातून सीपीयू आणला होता, चादरीत गुंडाळून.

‘अरे, हे आता चालायचं नाही म्हणतात. नव्याचे पंचेचाळीस हजार सांगितलेत. तू एकदा बघ, नाहीतर भंगारात घालते.’

मशीन 2014 सालचं. चौथ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. चालू केलं. दोन मिनिटांनी पडदा उजळला, पण माउसचं क्लिक मानायला आणखी चार मिनिटं गेली. टास्क मॅनेजर उघडून स्क्रीन बाईंकडे वळवली. प्रोसेसरचं काम 6 टक्के आणि डिस्कचं 100 टक्के. म्हणजे प्रोसेसर हात बांधून बसलाय आणि सगळं घर एका डिस्कपाशी रांगेत उभं आहे. हा आकडा बघायला अर्धं मिनिट लागतं. पंचेचाळीस हजारांचं कोटेशन देणाऱ्याला तेवढंही अर्धं मिनिट काढावंसं वाटलं नाही.

त्या डिस्कच्या आत काय चालतं ते आधी सांगतो, कारण सगळं भांडण तिथलंच आहे. चकती मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद. हवी ती नोंद हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि त्याआधी हेडचा दांडा त्या जागी सरकायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. इकडेतिकडे विखुरलेल्या नोंदी वाचायच्या असतील तर अशी डिस्क सेकंदाला फार तर 70-80 नोंदी वाचते. लॅपटॉपमधली 5400 फेऱ्यांची त्याहून कमी. विंडोज सुरू होताना मात्र हजारो बारीकसारीक फाइली वाचते, त्याही डिस्कभर पसरलेल्या. चिपांवर माहिती ठेवणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. साधी साटा एसएसडीसुद्धा असल्या नोंदी सेकंदाला हजारोंनी वाचते. संगणकाच्या दुसऱ्या कुठल्याही भागात पैसे घालून एवढा फरक पडत नाही, हे मी माझ्या 23 वर्षांवर हात ठेवून सांगतो.

पण तीच चकती मोठी फाइल सलग वाचायला बसली की सेकंदाला 100-150 एमबी आरामात देते. फोटो, गाण्याच्या फाइली, लग्नाचा व्हिडिओ, बँकेची जुनी स्टेटमेंटं यांना एवढा वेग पुरून उरतो. मशीन सुरू करणं हे एक काम आणि साठा सांभाळणं हे दुसरं. एका डिस्कवर दोन्ही लादायचं आणि ती हाफायला लागली की अख्खं मशीन म्हातारं ठरवायचं, हा धंदा वर्षानुवर्षं चाललाय. त्यावर कुणी बोलत नाही म्हणून मी लिहितोय.

बाईंना विचारलं, यात काय काय आहे? पाटण तालुक्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, वीस-बावीस वर्षं गावोगाव हिंडून. कॅसेटवरचा आवाज नंतर संगणकावर घेतला होता आणि ओव्या श्रीलिपीत टाइप केल्या होत्या. त्यातल्या बहुतेक बायका आज हयात नाहीत.

‘बॅकअप आहे ना बाई?’

‘आहे की. सगळं डी ड्राइव्हमध्ये पण टाकलंय.’

सी आणि डी या एकाच डिस्कवर आखलेल्या दोन खोल्या. छप्पर पडलं की दोन्ही खोल्यांवर एकदमच पडतं. पण डी ड्राइव्ह म्हणजे सुरक्षित जागा हा समज लोकांच्या डोक्यात कुणी घातला? आम्ही दुकानदारांनी. ‘सी उडाला तरी डी राहतो’ असं आम्हीच सांगत आलो. विंडोज बिघडली तर ते खरं असतं, डिस्क गेली तर सपशेल खोटं. लोकांना हा फरक कधी समजावून सांगितला नाही, ही आमच्या अख्ख्या व्यवसायाची लबाडी आहे. शिवाय लोक डेस्कटॉपवर ठेवतात त्या फाइली असतात सी मध्येच, आणि दुकानातलं पोरगं न विचारता ‘फॉरमॅट मारून’ मोकळं होतं. एकाच्या वडिलांच्या मृत्युपत्राचं टिपण असं गेलेलं मी पाहिलंय. फॉरमॅट मारणाऱ्यानं चारशे रुपये घेतले होते.

बाईंना नवं मशीन विकताना पुढे केलेलं कारण होतं विंडोज 10. त्यात अर्धं खरं आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला तिचा नेहमीचा आधार थांबला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे बाईंचं मशीन त्या यादीत बसत नाही. पण एका कंपनीच्या यादीत बसत नाही म्हणून धडधाकट मशीन भंगारात का जावं? केरळातल्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्स या मोफत सिस्टिमवर चालतात. तिथली पोरं त्यावर शिकून मोठी झाली. आपल्याकडे मात्र लिनक्स म्हटलं की दुकानदार नाक मुरडतो, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. बाईंना लेखन, ऑडिओ, ईमेल आणि यूट्यूब हवं होतं. या चारही गोष्टी लिनक्स मिंटवर चालतात.

240 जीबीची साटा एसएसडी घेतली. खणात जुन्या मशीनची 4 जीबी रॅम पडलेली होती, ती जोडली. एवढंच.

आता कामातली एक गोष्ट, कारण इथे शेकडो जण फसतात. नवी सिस्टिम टाकताना मी जुनी हार्ड डिस्क केबल काढून बाजूला ठेवतो. ती जोडलेली राहिली तर इन्स्टॉलर कित्येकदा सिस्टिम नव्या एसएसडीवर टाकतो, पण मशीन सुरू करणारा तुकडा जुन्या डिस्कवरच्या बूट पार्टिशनमध्ये ठेवून देतो. सगळं सुरळीत चालतं. वर्षभरानं जुनी डिस्क जाते किंवा कुणी काढून घेतं, आणि त्या दिवशी एसएसडी ठणठणीत असूनही मशीन सुरू होत नाही. मग पुन्हा तेच वाक्य, ‘मशीन गेलं, नवं घ्या’. एक केबल दहा मिनिटं काढून ठेवली असती तर हे टळलं असतं.

दुसरी गोष्ट मराठी माणसांपुरती. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली नव्या सिस्टिमवर उघडल्या की मराठीच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट मागे राहिलेला असतो, जुन्या डिस्कच्या विंडोजमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात. जुनी डिस्क आधीच पुसून टाकली की ते अक्षर वाचणं पुढं अवघड होऊन बसतं. किती स्मरणिका, किती वंशावळी, किती संस्थांची इतिवृत्तं अशी मुकी झाली याची मोजदाद कुणाकडे नाही. नवी एसएसडी नीट चालायला लागून महिना होईपर्यंत जुन्या डिस्कवरची एक फाइलसुद्धा मी कुणाला पुसू देत नाही. बाईंचे फॉन्ट तसेच उचलले, लिबर ऑफिसात ओव्या उघडल्या. अक्षर दिसल्यावर बाई काही न बोलता बराच वेळ वाचत बसल्या.

एसएसडी घेतानाही लोकांना आकड्यांनी गंडवतात. एनव्हीएमई सेकंदाला 3500 एमबी, साटा 550, म्हणजे सहापट वेगवान मशीन, असं बेधडक सांगतात. मशीन सुरू व्हायला या दोन्हींत दोन-चार सेकंदांचा फरक पडतो. चकतीवरून साटा एसएसडीवर येण्यानं जे बदलतं त्याच्यापुढे तो काहीच नाही. शिवाय 2014च्या बहुतेक बोर्डांवर एनव्हीएमईची जागाच नसते, आणि कार्डावर बसवली तरी बहुतेक जुने बोर्ड तिच्यावरून सुरू होत नाहीत. एम.2 म्हणजे फक्त खाचेचा आकार. त्या खाचेत साटा चालते की एनव्हीएमई, हे न बघता माल गळ्यात मारणारे मी रोज बघतो. दुसरी भीती घालतात ती झिजण्याची, ‘एसएसडी लिहून लिहून संपते’. 500 जीबीच्या बऱ्या एसएसडीला कंपनी साधारण 300 टीबी लिहिण्याची हमी देते. रोज 20 जीबी लिहिलं तरी त्याला 40 वर्षं लागतील. खरी भीती वेगळीच. चकतीवाली डिस्क बऱ्याचदा कुरकुर करत जाते, एसएसडी बहुतेक वेळा एका क्षणात बंद पडते आणि आतलं काही हाती लागू देत नाही. म्हणून एसएसडीवर सिस्टिम ठेवावी, आणि आपली एकुलती एक प्रत तिच्यावर कधीही ठेवू नये. बंद करून माळ्यावर ठेवायलाही ती नको. तिच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते, तो हळूहळू झिरपतो, आणि उकाड्यात जास्त वेगानं.

जुनी डिस्क इथेच उपयोगी पडते, पण तिची तपासणी करून मगच. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स फुकट मिळतात. त्यात मी पहिल्यांदा तीन ओळी बघतो. क्रमांक 5, किती सेक्टर बदलून घ्यावे लागले. 197, किती सेक्टर वाचताना अडले आहेत. 198, किती वाचताच आले नाहीत. तिन्हींत शून्य असेल तर डिस्क ठेवायची. 197 मध्ये आकडा दिसला तर तिच्यावरचं आधी उचलायचं आणि मगच बाकीचं बोलायचं. 199 वाढत असेल तर बहुतेक वेळा केबल खराब असते, डिस्क चांगली असते. पन्नास-साठ रुपयांच्या केबलपायी डिस्का फेकल्या जातात. गूगलनं आपल्या लाखावर डिस्का अभ्यासून 2007 मध्ये निष्कर्ष मांडले होते. तपासणीत पहिला दोष सापडल्यावर पुढच्या 60 दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता 39 पट होते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. गेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांमध्ये ठळक चार आकड्यांनी आधी काहीच इशारा दिला नव्हता. तेव्हा शून्य दिसलं म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही. जुनी डिस्क ही दुसरी किंवा तिसरी प्रत म्हणूनच ठेवायची.

आजारी डिस्कवर चेकडिस्क चालवणाऱ्यांचा तर मला संताप येतो. एका फोटोग्राफरची टकटक वाजणारी डिस्क माझ्याकडे आली, तीन हंगामांची लग्नं होती तिच्यात. आधीच्या दुकानात रात्रभर चेकडिस्क लावून ठेवलं होतं. मरणाऱ्या माणसाला जिना चढायला लावण्यासारखं आहे ते. आधी डीडीरेस्क्यूनं जेवढं निघेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर घ्यायचं असतं, दुरुस्ती नंतर त्या प्रतीवर. दोन हंगाम निघाले. तिसऱ्या हंगामातल्या जोडप्यांना त्यानं काय सांगितलं असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

आणि संस्था. एका पतसंस्थेनं मशीनं घेताना निविदेत लिहिलं, ‘किमान 1 टीबी हार्ड डिस्क’. एसएसडीचा शब्द नाही. प्रत्येक टेबलावर वापर जेमतेम 30 जीबी, आणि सभासद मात्र पासबुक छापून घ्यायला खिडकीशी ताटकळत उभे. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, एवढ्या अकलेवर सभासदांचे पैसे खर्ची पडले. त्याच संस्थेच्या जुन्या डिस्का किलोच्या भावानं भंगारवाल्याकडे गेल्या. भंगारवाला माझ्या ओळखीचा, तो त्या माझ्याकडे घेऊन आला, ‘चालतील का बघा’ म्हणून. एक जोडून बघितली. सभासदांची नावं, पॅन, सह्यांचे स्कॅन, सगळं जागच्या जागी. फॉरमॅट केलं होतं म्हणे. क्विक फॉरमॅटनं फक्त यादी पुसली जाते, माल तिथेच राहतो. डिस्क देऊन टाकायची तर तिच्यावर पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत एकदा शून्यं लिहायची. चकतीवाल्या डिस्कला तेवढं पुरतं, 500 जीबीला दोन-तीन तास लागतात, आणि त्यानंतर ती डिस्क दुसऱ्या कुणाच्या कामी येते. मी चेअरमनना फोन केला. ते म्हणाले, ‘लिलाव ठरावानं झालाय, नियमानं झालाय.’ त्या चौदा डिस्का मी पुसल्या. नऊ धडधाकट निघाल्या. त्यांतल्या सहा आता एका शाळेच्या मशीनांत साठ्याला आहेत.

बाईंचं मशीन आता 25 सेकंदांत सुरू होतं. सगळा खर्च साडेतीन हजारांच्या आत आला. जुन्या 500 जीबीच्या डिस्कवर तिन्ही आकडे शून्य होते, ती आतच ठेवली आहे, ओव्यांच्या दुसऱ्या प्रतीसाठी. तिसरी प्रत एका बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेल्या अडीच इंची डिस्कवर घेतली आणि ती यूएसबी केसिंगमध्ये घातली. वर चिकटपट्टी लावून बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘ओव्या, आवाज आणि लेखन’, आणि तारीख. ती पुण्याला त्यांच्या भाचीकडे असते. सहा महिन्यांतून एकदा जोडून सगळ्या फाइली उघडतात का ते बघायचं, असं तिला बजावलंय. मे महिन्यात तिनं फोन करून पाटणच्या एका आजीचा आवाज मला फोनवरून ऐकवला.