शिवेबाहेर नेऊन सोडलेला रोग

वारी हा विषय पदव्युत्तर वर्गात शिकवताना दरवर्षी एक गोष्ट घडते. समता, भक्ती, लोकसंस्कृती, मौखिक परंपरा हे शब्द फळ्यावर येतात, वह्यांत उतरतात आणि परीक्षेनंतर उत्तरपत्रिकांतून जसेच्या तसे आपल्याकडे परततात. या साऱ्या व्यवहारात शरीर मात्र कोठेच येत नाही. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालणारे पाय, भिजलेले अंथरूण, पोटात गेलेले पाणी आणि पोटातून बाहेर पडणारे सारे, यांना साहित्याच्या वर्गात प्रवेश नाही. काही वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत वेळापूरकडची एक विद्यार्थिनी बायकांच्या ओव्यांवर फार चांगले बोलत होती. बोलता बोलता म्हणाली, "आमची आज्जी दरसाल वारीला जाते सर, पण चालताना पाणी पीत नाही." का, असे मी विचारले. तिने मान खाली घातली. उत्तर तिला ठाऊक होते, मला होते आणि बाह्य परीक्षकांनाही होते. त्यांनी घड्याळाकडे पाहून पुढचा प्रश्न विचारला. मीही गप्प बसलो, याची टोचणी या लेखामागे आहे.

माळशिरस तालुक्यातले वेळापूर आपल्या अभ्यासकांना दोन कारणांनी माहीत असते. एक म्हणजे तेथील अर्धनारी नटेश्वराचे मंदिर व रामचंद्रदेव यादवाच्या काळातील मराठी शिलालेख. दुसरे कारण ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम. माळशिरसहून निघालेला सोहळा खुडूसला रिंगण करून वेळापूरकडे येतो. गाव जवळ आले की उतारावर 'धावा' होतो, पंढरी जवळ आल्याच्या ओढीने म्हातारीकोतारी माणसे धावत सुटतात. दुसऱ्या दिवशी पालखी भंडीशेगावकडे निघते. एका रात्रीत गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसे येथे जेवतात, झोपतात आणि पहाटे उठतात. उठून ती कोठे जातात, हा प्रश्न आपण वर्गात विचारीत नाही. तो ग्रामपंचायतीचा प्रश्न आहे, अशी आपली समजूत असते.

ही समजूत किती जुनी आहे हे पाहण्यासाठी आपल्याच शब्दांकडे वळावे. पटकीला मराठीत व कोकणीत एक जुना शब्द होता, 'मोडशी'. आज मोडशी म्हणजे साधे अपचन वा पोटाचा बिघाड. पण सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांनी हा शब्द ऐकला तो प्राणघातक रोगासाठी. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी मोडशीचे 'मोर्देशीं' झाले आणि फ्रेंचांनी त्यातून 'मोर द शियें', म्हणजे 'कुत्र्याचे मरण', असा आपल्या भाषेत अर्थ लागेल असा शब्द घडवला. व्युत्पत्तीची ही गंमत वर्गात सांगितली की मुले हसतात. रोगाला दुसऱ्याचे नाव द्यावे, तो दुसऱ्याकडून आला असे म्हणावे, ही प्रवृत्ती मात्र गमतीची नाही. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकीच्या प्रसारासाठी हिंदुस्थानातल्या यात्रांकडे बोट दाखवले. पटकी पाण्यावाटे पसरते हे जॉन स्नोने लंडनमध्ये १८५४ सालीच दाखवून दिले होते. तरी घाणेरड्या पाण्यापेक्षा यात्रेकरू नजरेत भरणे सोयीचे होते.

पण बोट दाखवण्याचा हा उद्योग गोऱ्यांनीच शिकवला असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. मरीआईचा गाडा आपला आहे. गावात पटकी आली की मरीआईची पूजा बांधावयाची, नैवेद्य, लिंबे, हळदकुंकू गाड्यावर घालून वाजतगाजत तो गावाबाहेर न्यावयाचा आणि शिवेपलीकडे सोडून यावयाचा. मग पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या शिवेवर न्यावयाचा. लोकसाहित्याच्या पुस्तकांत या विधीचे वर्णन भरपूर सापडते. त्यातली कल्पना मात्र फारशी तपासली जात नाही. रोग नाहीसा करता येत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या हद्दीत ढकलता येतो, ही आरोग्याविषयीची एक परिपूर्ण भूमिका आहे. आणि मरीआईचे देऊळ कोठे असते? बहुधा वेशीबाहेर, महारवाड्याच्या वा मांगवाड्याच्या अंगाला. तिची सेवा करणारा पोतराजही तिथलाच. म्हणजे गावाने रोग जिथे नेऊन सोडला, तिथे माणसे आधीपासून राहत होती. मेलेले जनावर ओढणारी, गावाची घाण निपटणारी आणि गावाच्या विहिरीवर पाणी न भरू दिलेली माणसे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा वाचकांना धक्का बसला, पण शिवेबाहेरचे ते जग रोगाच्या भूगोलात आपण केव्हाच आखून ठेवले होते.

हे सारे मागच्या शतकातले, असे कोणी म्हणेल. २०२० च्या उन्हाळ्यात गावोगावच्या रस्त्यांवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या होत्या, त्या आठवाव्यात. पुण्यामुंबईहून आलेल्या सख्ख्या भावाला शाळेत किंवा शेतातल्या वस्तीवर ठेवणारी गावे आपण पाहिली. त्यात भीती होती, काही प्रमाणात शहाणपणही होते. पण हाताने उचललेली ती फांदी आणि तो गाडा यांचे नाते सांगायला कोणा पंडिताची गरज नव्हती. त्या वर्षी आणि २०२१ सालीही पालखी पायी निघाली नाही. पादुका एसटीच्या बसमधून गेल्या. वेळापूरला सलग दोन आषाढ मुक्काम पडला नाही.

संस्कृती ही आरोग्याच्या वाटेतली धोंड असते असे मात्र मला म्हणावयाचे नाही. सरकारी आरोग्यपत्रकांत 'अंधश्रद्धा' हा एकच शब्द सगळीकडे चिकटवलेला असतो, तो वाचून कंटाळा येतो. मराठीने लसीला काय नाव दिले ते पाहावे. रोग देवी आणि लस टोचणे म्हणजे 'देवी काढणे'. गावात देवी काढणारा माणूस येई आणि आयाबाया पोरे घेऊन उभ्या राहत. रोगाची देवता आणि त्यावरचा उपाय एकाच शब्दात नांदले आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. तेव्हा श्रद्धेने सुईला वाट करून दिल्याचा दाखला आपल्याच भाषेत आहे.

वारीलाही तसेच पाहिले पाहिजे. 'आरोग्य' म्हणजे रोग नसणे. 'स्वास्थ्य' म्हणजे आपण आपल्या ठिकाणी असणे. वर्षभर सुनेच्या, मुलाच्या, जनावरांच्या वेळापत्रकाने जगणारी साठीची बाई अठरा-वीस दिवस स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मैत्रिणींबरोबर, मोठ्याने गात चालते. तिला तिथे कोणाची तरी आई वा सासू म्हणून नव्हे, 'माउली' म्हणून हाक मारली जाते. तिला यातून काय मिळते याचे मोजमाप रक्तदाबाच्या यंत्राने होणार नाही. तिची नात मला हेच सांगत होती. पण त्याच वाक्यात 'पाणी पीत नाही' हेही होते, आणि आपले वाङ्मयीन कान नेमके अर्धेच वाक्य ऐकतात.

आपल्या चांगल्या लेखकांनी तसे केलेले नाही. इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख 'परिपूर्ती'त आहे. त्यातला भाविक सूर आपण वर्गात आवडीने वाचून दाखवतो. एकत्र चालणाऱ्या, एकत्र गाणाऱ्या दिंड्या जेवायला मात्र जातीजातीने वेगळ्या बसतात हे बाईंना खुपले होते, तो भाग आपण 'सामाजिक निरीक्षण' असा शेरा मारून पुढे जातो. दि. बा. मोकाशी १९६१ साली पालखीबरोबर चालले, पानशेत फुटले तेच ते वर्ष. १९६४ साली त्यांचे 'पालखी' प्रसिद्ध झाले. संशय घेऊन निघालेला हा लेखक आधी थकतो, भिजतो, आणि मग विचार करतो. माझ्या मते मराठीत वारीवर याहून प्रामाणिक पुस्तक झालेले नाही, ते याच कारणाने. आपण मात्र या पुस्तकाचा 'वाङ्मयप्रकार' कोणता, प्रवासवर्णन की कादंबरी, यावर दहा गुणांचा प्रश्न काढतो.

गाडगेबाबांचेही आपण असेच केले. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. यात्रेतली घाण ते खराट्याने झाडीत, आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून हैराण करीत. २००० साली शासनाने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, भिंती रंगल्या, बक्षिसे वाटली गेली. बाबांचा खराटा त्या चित्रांत आला. तो हातात धरणे ही कोणा एका जातीची कामगिरी का असावी, हा त्यामागचा प्रश्न आला नाही. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा २०१३ साली पुन्हा करावा लागला आणि पंढरपूरच्या यात्रेतील त्या कामाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर वाळवंटातल्या तंबूंवर निर्बंध आले आणि पंढरपुरात ६५ एकरांची वेगळी व्यवस्था उभी राहिली. जे काम समतेच्या सात शतकांनी केले नाही ते एका याचिकेने पुढे ढकलले, ही नोंद संतसाहित्याच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारी आहे. असावीही.

गेल्या दहा वर्षांत मार्गावर फिरती शौचालये आली आहेत, स्त्रियांसाठी निराळी सोय होऊ लागली आहे, आरोग्य पथके तळावर असतात. हे कमी नाही. पण वेळापूरच्या रस्त्याने वर्षातून आणखी एक वारी जाते, तिच्याविषयी कोणी अभंग रचलेला नाही. नीरा उजव्या कालव्याने हा तालुका ऊसाचा केला. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात, कारखान्यांच्या आसपास, शेतांच्या कडेला कोप्या पडतात, आणि पाच-सहा महिने माणसे तिथे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस चुकला तर खाडा, म्हणजे दंड. या व्यवहारात नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. जिथे अर्धनारी नटेश्वर आहे त्या गावच्या शिवारात अर्ध्या कोयत्याची बाई उभी असते, तिचा हिशेब वेगळा होत नाही. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. बीड जिल्ह्यातल्या कितीतरी ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये तरुण वयात काढली गेली होती, हे २०१९ साली सर्वांसमोर आले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाची समिती नेमली गेली. त्या बायकाही पाणी कमी पितात, आणि कारण तेच आहे. पालखीतली बाई 'माउली' असल्याने तिच्यासाठी अठरा दिवसांची सोय होते; कोपीतली बाई शिवेबाहेरची असल्याने तिला सहा महिने शेताचा बांध. पावित्र्याने जे मिळते ते माणूस म्हणून मिळत नाही, असा याचा अर्थ मी घेतो. कोणाला तो अतिरेकी वाटेल.

काही सहकाऱ्यांचा आक्षेप मला माहीत आहे: हे समाजशास्त्र झाले, यात साहित्य कोठे? पण 'पीत नाही' या दोन शब्दांत जे दडवले गेले होते ते उलगडणे हे जर वाचन नसेल, तर आपण इतकी वर्षे अनेकार्थता आणि मौन हे शब्द कशासाठी शिकवले? ती विद्यार्थिनी पुढे बी.एड. करून एका माध्यमिक शाळेत लागली. मध्यंतरी भेटली तेव्हा आज्जीची चौकशी केली. आज्जी अजून जाते. आता शौचालयाच्या गाड्या असतात ना, मी विचारले. "असतात की," ती म्हणाली, "पण रांग लावली तर दिंडी पुढं जाते, म्हणून ती अजूनही दुपारपर्यंत पाणी घेत नाही." या वेळी तिने मान खाली घातली नाही.