कोर्लईची बोली आणि आमचा अभिमान

दरवर्षीं २७ फेब्रुवारीस, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनीं, आम्ही नाशिककर मायबोलीचा गौरव करतों. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं तिला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हां आमचा ऊर भरून आला. हें योग्यच झालें. परंतु दुसऱ्याच्या मायबोलीस ‘मोडकी’ म्हणण्याचा अधिकार या अभिमानानें आम्हांस दिला आहे काय?

रायगड जिल्ह्यांत, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई हें गांव आहे. तेथील हजाराच्या आंतबाहेर ख्रिस्ती माणसें घरांत जी भाषा बोलतात तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. चौलच्या पोर्तुगीज अमदानींत ती जन्मली. १७४० सालीं तो मुलूख मराठ्यांकडे आला. राज्यकर्ते गेले, भाषा राहिली.

ही बिघडलेली पोर्तुगीज आहे, असें कोणी म्हणतात. मग मराठीस बिघडलेली संस्कृत कां म्हणूं नये? पोर्तुगीजांत क्रियापद कर्माआधीं येतें. कोर्लईच्या बोलींत तें मराठीच्या सहवासानें वाक्याच्या शेवटीं जाऊन बसलें आहे. शब्द परके, पण वाक्याची चाल आमची! यास बिघाड म्हणत नाहींत, घडण म्हणतात.

दुसरे म्हणतात, हा परसत्तेचा अवशेष आहे. त्यांनीं आधीं आपल्या घरांतून चावी, पाव, बटाटा आणि पगार हद्दपार करावे. निदान पगाराविषयीं त्यांचा निश्चय डळमळेल!

तिसरा प्रश्न व्यवहारी लोकांचा: इतक्या थोड्यांच्या भाषेचा उपयोग काय? इंग्रजी शाळेंतून आलेला नातू मराठीविषयीं हेंच विचारतो, तेव्हां तो आम्हांस झोंबतो. जें उत्तर आम्ही त्याला देतों, तेंच कोर्लईकरांचें उत्तर आहे.

गोव्याचे मोन्सिन्योर दाल्गादु यांनीं १९०६ सालीं उत्तरेकडील इंडो-पोर्तुगीज बोलीवर अभ्यासलेख प्रसिद्ध केला. मुंबईच्या आसपासच्या त्या बोली पुढें मावळल्या. कोर्लईच्या शाळेंत व प्रार्थनेंत आज मराठी आहे. म्हणजे तेथें बलवान भाषा आमची आहे, आणि जबाबदारीही आमचीच. गुरुजींनीं घरच्या शब्दाबद्दल मुलास हिणवूं नये. विद्यापीठांनीं वृद्धांच्या अनुमतीनें त्यांच्या गोष्टी-गाणीं देवनागरींत उतरून ठेवावींत. इंग्रजीनें मराठीशीं जसें वागावें असें आम्हांस वाटतें, तसें मराठीनें कोर्लईच्या बोलीशीं वागावें. तेवढें होईपर्यंत २७ फेब्रुवारीचीं भाषणें अपुरींच राहतील.