काम मोजा, कंबर मोजू नका!

माणसाची लायकी किलोत मोजण्याचा अधिकार या देशातल्या मालकांना दिला कोणी? हा सवाल आम्ही आधी विमान कंपन्यांना करतो, कारण तिथे हा अन्याय सरकारी शिक्क्यानिशी चालतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१४ साली केबिन कर्मचाऱ्यांना बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याची, मर्यादा घालून दिली. पुरुषांना २५ पर्यंत मुभा, स्त्रियांना अवघी २२! हिशेब करून पाहा. दोघांचीही उंची १६० सेंटिमीटर धरा. पुरुष ६३ किलोंचा असला तरी तंदुरुस्त. बाई ५७ किलोंची झाली की जादा वजनाची. विमान तेच, संकटकाळी उघडायचा दरवाजा तोच, विझवायची आग तीच. मग मापे दोन का? प्रवाशांच्या सुरक्षिततेचा आव आणू नका. बाई डोळ्यांना कशी दिसावी, याचा हा नियम आहे आणि तो विज्ञानाच्या नावाने खपवला जात आहे.

बीएमआयमागचे सूत्र बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने १८३० च्या दशकात मांडले, तेही लोकसमूहांच्या सरासरीचा अभ्यास करताना. अंगात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्या आकड्याला कळत नाही. आणि त्याच आकड्यावर बोट ठेवून २०१५ मध्ये एअर इंडियाने सव्वाशेच्या आसपास कर्मचाऱ्यांना उड्डाणावरून उतरवायचे ठरवले! उड्डाण गेले की भत्ता जातो, आणि घराचे हप्ते त्या भत्त्यावर चाललेले असतात.

१९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणाबरोबर हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा नियम रद्द केला. स्त्रीत्वाचा तो अपमान आहे, असे न्यायालयाने ठणकावले. पण पुढे काय झाले? गरोदर राहिली म्हणून तिला काढता येत नाही. बाळंतपणाने अंगावर ठेवलेल्या वजनासाठी मात्र जमिनीवर आणता येते. वजनावरून जमिनीवर आणलेल्या कर्मचारी स्त्रिया दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा २००७ मध्ये कौल कंपनीच्या बाजूने लागला. पुढच्या दाराने हाकललेला नियम मागच्या दाराने घरात येऊन बसला आहे!

विमानात निदान नियम कागदावर तरी आहे. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत, साड्यांच्या दुकानांत, बँकांच्या स्वागतकक्षांत तो कुठेच लिहिलेला नसतो. जाहिरातीत ‘प्रेझेंटेबल’ उमेदवार हवा असतो आणि मुलाखतीत नजर पदवीच्या कागदावरून पोटाकडे सरकते. बढतीच्या वेळी ‘एनर्जी कमी वाटते’ असा शेरा पडतो. जेवणाच्या सुट्टीत एखाद्या अंगाने भरलेल्या बाईने डबा उघडला की ‘आज पुन्हा भात?’ म्हणून सगळे हसतात आणि तीही हसते, कारण न हसली तर ती खडूस ठरते. थायरॉइड, पीसीओएस, रात्रपाळी, औषधे यांतले काय तिच्या वाट्याला आले आहे, हे कोणी विचारत नाही. आणि का विचारावे? तिची प्रकृती ही तिची खासगी बाब आहे; कचेरीचा संबंध तिच्या कामाशी.

राज्यघटनेची कलमे १५ आणि १६ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून होणारा भेदभाव रोखतात. शरीराचा आकार त्यांत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने १९७६ सालीच वजनावरून होणारा भेदभाव कायद्याने बंद केला. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये केला. आपण कशाची वाट पाहत आहोत?

कामाला बळ लागत असेल तर बळाची परीक्षा घ्या. दरवाजा उघडायला लावा, शिडी चढायला लावा, धुरातून माणूस ओढून आणायला लावा. ती परीक्षा स्त्री-पुरुषांना एकच ठेवा, आणि जो उतरेल त्याला नोकरी द्या. महासंचालनालयाने २२ आणि २५ चा भेद तत्काळ मोडीत काढावा. श्रम हा समवर्ती सूचीतला विषय आहे, त्यामुळे महाराष्ट्राला दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा भरती, प्रशिक्षण, बदली आणि बढतीत स्त्रियांशी भेदभाव करण्यास मनाई करतो. त्याच कायद्यात वजन आणि शरीरयष्टी यांचा उल्लेख घाला, आणि हे संरक्षण पुरुषांनाही द्या. येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती कोण मांडतो आणि तिला विरोध कोण करतो, ते आम्ही नावानिशी छापणार आहोत.