नुक्ता आणि पाठशुद्धी

ग्रंथाची प्रत करणारा लेखनिक हा केवळ लेखनिक नसतो. कळत नकळत तो संपादकही असतो. त्याच्या हातून अक्षर गळते, शब्द बदलतो, आणि पुढच्या पिढ्या त्या चुकीलाच मूळ पाठ मानू लागतात. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच जाणिवेने, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हेही याच जाणिवेचे फळ होय. भारतीय भाषांच्या अभ्यासकाला ही परंपरा नवी नाही. मात्र आज बहुसंख्य वाचकांपुढे येणारा पाठ ज्या लेखनिकाच्या हातून जातो, त्याच्याकडे या अभ्यासकाचे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. हा लेखनिक म्हणजे संगणकीय सर्व्हरवर चालणारी छोटी छोटी आज्ञावली-मॉड्यूले. ग्रंथसूची, शब्दकोश वा जुन्या नियतकालिकांचा संग्रह वाचकाने मागितला, की त्याचा शोधशब्द घेणे, तो साठ्याशी ताडून पाहणे आणि सापडलेला मजकूर वाचकाच्या पडद्यावर पाठवणे, ही सारी कामे त्यांच्याकडे असतात. या मॉड्यूलांची दुरुस्ती आणि विस्तार हा केवळ तंत्रज्ञाचा प्रश्न नसून पाठचिकित्सेचा प्रश्न आहे.

रायपूरच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. २००० साली छत्तीसगढ राज्य निर्माण झाले आणि रायपूर त्याची राजधानी झाली. २००७ मध्ये विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा दिला. बस्तरची हलबी ग्रीअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, म्हणजे मराठीच्या खंडात, घातली होती. आज तिचे स्थान पूर्वेकडील भाषा आणि मराठी यांच्या सांध्यावर मानले जाते. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे या प्रदेशात वसली. त्यांच्यापैकीच एका परंपरेतले माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले, आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. अशा शहरातील कोणत्याही ग्रंथसंग्रहाच्या सूचीत हिंदी, छत्तीसगढी, हलबी आणि मराठी या चार भाषा एकाच देवनागरीत शेजारी शेजारी बसणार, हे उघड आहे. लिपी एक आणि लेखनसंकेत मात्र चार, हेच येथील अडचणीचे मूळ होय.

अशा सूचींच्या घडणीत पर्ल या आज्ञाभाषेचा वाटा मोठा आहे. १९८७ मध्ये ती निर्माण करणारा लॅरी वॉल हा भाषाविज्ञानाचा विद्यार्थी. लिपी नसलेल्या एखाद्या भाषेला लेखनव्यवस्था द्यावी, हा त्याचा आणि त्याच्या पत्नीचा मूळ मनोदय होता; तो सिद्धीस गेला नाही, पण मजकुरात नमुने शोधणे, तो तोडणे व जोडणे यांवर उभी असलेली भाषा मात्र त्याच्या हातून घडली. १९९५ मध्ये सी-पॅन हे मॉड्यूलांचे सार्वजनिक भांडार उघडले. १९९६ मध्ये मॉड-पर्ल आले आणि पर्लचा दुभाष्या अपाचे सर्व्हरच्या पोटातच कायमचा वस्तीला राहू लागला. देवनागरीच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष २००२ : त्या साली आलेल्या ५.८ या आवृत्तीने युनिकोडचा व्यवहार पर्लमध्ये भरवशाचा केला. नव्या कामासाठी आज पुष्कळजण इतर भाषा निवडतात हे खरे. तथापि त्या काळात उभे राहिलेले सूचिकार्य टाकून देता येत नाही, ते चालवावे आणि दुरुस्त करावेच लागते.

दोष कोठे उद्भवतात हे कळण्यासाठी एक साधा शब्द पुरेसा आहे. ‘रायपूर’ या शब्दात मराठी वाचकाला चार अक्षरे दिसतात : रा, य, पू, र. युनिकोडच्या हिशेबाने त्यात सहा चिन्हे आहेत, कारण काना आणि दीर्घ उकार ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. साठवणीत मात्र प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने तोच शब्द अठरा बाइटांचा होतो. चार, सहा आणि अठरा या तिन्ही संख्या आपापल्या जागी खऱ्या आहेत. आपण कोणत्या पातळीवर मोजत आहोत हे मॉड्यूल विसरले की अनर्थ होतो. आलेला मजकूर उलगडून न घेता शीर्षक दहाव्या बाइटाशी कापले, तर ‘प’ अर्धवट तुटतो आणि पडद्यावर प्रश्नचिन्ह उमटते. एकदा संकेतबद्ध झालेला मजकूर पुन्हा संकेतबद्ध केला, तर आघातचिन्ह घेतलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागून चलनाचे चिन्ह अशी जोडी पानभर पसरते. ही जोडी म्हणजे देवनागरीच्या पहिल्या दोन बाइटांचेच विद्रूप रूप होय. ती दिसताच जाणत्याने दोष साठ्यात न शोधता दारावर शोधावा. वेशीतून आत येताना मजकूर उलगडावा, आत त्याला चिन्हे म्हणूनच वागवावे आणि बाहेर पडताना एकदाच बांधावा, हा नियम पाळला की निम्म्याहून अधिक तक्रारी उद्भवतच नाहीत.

परंतु हे दोष निदान डोळ्यांना दिसतात. पाठचिकित्सेच्या दृष्टीने अधिक घातक ते, जे दिसत नाहीत. राज्याच्या नावाचेच उदाहरण घ्यावे. मराठीत ‘छत्तीसगढ’ असे लिहितात. हिंदीत शेवटच्या अक्षराखाली नुक्ता येतो. हा नुक्तायुक्त ‘ढ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा ‘ढ’ आणि त्यापुढे सुटा नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच. यंत्राला मात्र ती भिन्न. परिणामी एकाच नावाची तीन रूपे सूचीत नांदतात, आणि एका रूपाने शोधणाऱ्या वाचकाला अन्य रूपांत नोंदलेले ग्रंथ संग्रहात नाहीतच असे सांगितले जाते. सप्र्यांचे मासिक शोधणाऱ्या मराठी अभ्यासकावर हा प्रसंग सहज यावा.

यावर उपाय म्हणून सामान्यतः जे केले जाते ते असे. पर्लच्या सामान्यीकरण-मॉड्यूलाने प्रत्येक संयुक्त चिन्ह त्याच्या घटकांत फोडायचे आणि मग सुटे झालेले सर्व नुक्ते काढून टाकायचे. ‘छत्तीसगढ’ची तिन्ही रूपे तत्काळ एक होतात, आणि दुरुस्ती करणारा समाधानाने उठतो. त्याला ठाऊक नसते ते असे की युनिकोडच्या कोष्टकात मराठीचा ‘ऱ’ हादेखील ‘र’ अधिक नुक्ता असाच फोडला जातो. मराठी माणसाने त्याला नुक्ता कधी म्हटले नाही; पण यंत्राच्या लेखी तो नुक्ताच. तो गळताच ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो : डोंगरातील खोल घळी नाहीशा होऊन तेथे समुद्र पसरतो. ‘आचाऱ्यांना’ दिलेली दक्षिणा ‘आचार्यांना’ पोचते. हिंदीचा एक शब्द सुधारताना मराठीचा अर्थभेद नाहीसा होतो, आणि उरलेला शब्द निर्दोष मराठी असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. पाठचिकित्सेत ज्याला सुकर पाठ म्हणतात, त्याचा हा यांत्रिक अवतार होय.

‘ऱ्य’ लिहिण्याचा दुसरा मार्ग म्हणजे ‘र’, हलन्तचिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. अदृश्य ते निरर्थक, असे समजून मॉड्यूल ते झाडून टाकते, आणि परिणाम तोच होतो. याहून भयंकर गत रोमन लिपीसाठी रचलेल्या एका प्रसिद्ध कृतीची. फ्रेंच शब्दांवरील आघातचिन्हे गाळण्यासाठी, अक्षराला चिकटणारी व स्वतः जागा न व्यापणारी सर्व चिन्हे काढण्याची रीत आहे. देवनागरीत उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह ही याच वर्गात पडतात. ती रीत जशीच्या तशी लावली, तर ‘पुणे’ शोधणाऱ्याच्या हाती ‘पण’ उरतो. परक्या भाषेचा उपचार आपल्या भाषेवर करण्यापूर्वी आपल्या भाषेची नाडी पाहावी लागते, हे सांगण्यास याहून बोलके उदाहरण नको.

येथे एक आक्षेप संभवतो : ही चूक तंत्रज्ञाची, तिच्याशी भाषेच्या प्राध्यापकाचा काय संबंध? पण तंत्रज्ञाने केले ते हिंदीच्या दृष्टीने योग्यच होते. चूक घडली ती त्याला सांगणारा कोणी शेजारी नव्हता म्हणून. वस्तुतः उपाय एका ओळीचा आहे : ‘र’ आणि ‘ळ’ यांच्या मागोमाग येणारा नुक्ता वगळून बाकीचे काढावेत. पर्लच्या नमुनाशोधात अशी अट घालणे हे प्राथमिक कौशल्य आहे. ती घालण्याची गरज ओळखणे हे मात्र भाषेचे ज्ञान आहे. वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडच्या कोष्टकात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, तर मराठी वर्णमालेत त्याची जागा ‘ह’च्या पुढे आहे. पर्लच्या क्रमनिर्धारण-मॉड्यूलात मराठीसाठी स्वतंत्र नियमांची सोय आहे. पण सूचीला ते नियम हवेत हे कोणीतरी सांगावे लागते.

मॉड-पर्लच्या रचनेतून येणारा आणखी एक दोष याच संदर्भात समजून घेण्यासारखा आहे. दुभाष्या सर्व्हरमध्ये कायम राहत असल्याने, सार्वत्रिक चलात ठेवलेले मूल्य एका वाचकाची मागणी संपल्यावरही टिकून राहते. पहिल्या वाचकाने मराठी निवडली आणि दुसऱ्याने काहीच निवडले नाही, तर दुसऱ्याच्या हिंदी शब्दाला मराठीचे नियम लागतात. सर्व्हर अनेक प्रक्रियांत विभागलेला असल्याने हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि तक्रार करणाराच खोटा ठरतो. अशा वेळी सर्व्हर एकाच प्रक्रियेत चालवून दोष निश्चितपणे पुन्हा घडवावा, दोषनोंदवही ओळीने वाचावी, आणि भाषेचे चल प्रत्येक मागणीच्या आरंभी नव्याने ठरवावे.

दुसरा आक्षेप असा की पर्ल मागे पडली. जुन्या मॉड्यूलांवर श्रम कशाला? मोडी लिपीही व्यवहारातून गेली. म्हणून भोसल्यांच्या कारभाराचे कागद वाचण्याची गरज संपली असे कोणी म्हणत नाही. उलट मोडीला २०१४ मध्ये, आणि गोंडीच्या दोन लिपींना २०१७ व २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तेव्हा जुन्या सूचींची परीक्षाच सुरू झाली. या लिपींच्या चिन्हांना तीन नव्हे, चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या साठवणप्रणालीतील जुना ‘यूटीएफ-आठ’ संकेत तीनच बाइटांपर्यंत जातो. देवनागरी त्यात सुखाने राहते, मोडी वा गोंडी राहत नाही. चार बाइटांचा संकेत २०१० पासून उपलब्ध आहे. पण जुनी कोष्टके आपोआप बदलत नाहीत. तीच गोष्ट भाषेच्या खुणेची. मराठीची आंतरराष्ट्रीय खूण दोन अक्षरांची आहे; छत्तीसगढी आणि हलबी यांची तीन अक्षरांची. भाषेची खूण दोनच अक्षरांची असते असे गृहीत धरणारे मॉड्यूल राज्याच्या राजभाषेलाच दारातून परत पाठवते. २०११ च्या जनगणनेत छत्तीसगढी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या दीड कोटींहून अधिक होती; एका नमुन्यातील एका आकड्याने त्या सर्वांची भाषा अमान्य ठरावी, हे क्षुल्लक नव्हे.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरणे उचित ठरते. पहिली, मूळ पाठाला हात लावू नये. सामान्यीकरण करायचे ते केवळ शोधाच्या अनुक्रमणिकेत, आणि वाचकापुढे ठेवायचा तो नोंदकर्त्याने लिहिलेलाच पाठ. अनुक्रमणिकेतील चूक पुन्हा सुधारता येते. साठ्यात घडलेली चूक हा पाठाचा कायमचा नाश असतो. दुसरी, भाषेचा नियम मूळ मॉड्यूल खरडून न घालता त्यावर आधारलेल्या स्वतंत्र मॉड्यूलात घालावा. म्हणजे मूळ मॉड्यूलाची नवी आवृत्ती आली तरी तो नाहीसा होत नाही, आणि सी-पॅनमार्फत इतरांनाही उपयोगी पडतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, प्रत्येक मॉड्यूलासोबत ज्या परीक्षा ठेवण्याची पर्लच्या जगात रीत आहे, त्या परीक्षांचे शब्द भाषेच्या अभ्यासकांनी पुरवावेत. ‘दऱ्या’ हे ‘दर्या’ होता कामा नये, ‘पुणे’ हे ‘पुणे’च राहिले पाहिजे, ‘छत्तीसगढ’ तिन्ही रूपांनी सापडले पाहिजे. अशा शेपन्नास शब्दांची यादी करण्यास पर्लचे एक अक्षरही येण्याची गरज नाही. व्याकरण आणि वाचन मात्र लागते, आणि ते विद्यापीठांच्या भाषाविभागांत आहे.

रायपुरात १९६४ पासून विद्यापीठ आहे, आणि चार भाषांचे जाणकार एका शहरात मिळावेत अशी स्थिती फार ठिकाणी नसते. हलबीसाठी अशी यादी करू शकणारे अभ्यासक मुंबई-पुण्यात शोधून सापडणे कठीण. बस्तरपासून जवळ असलेल्या या शहराने ते काम केले नाही, तर ते इतरत्र होण्याची आशा थोडीच. एकनाथांच्या काळी अशुद्ध प्रत एका मठात, एका गावात राहत असे, आणि दुसरी प्रत तिला खोटे पाडू शकत असे. आज एकाच मॉड्यूलाच्या हातून सर्व प्रती निघतात, आणि त्याची चूक ताडून पाहण्यास दुसरी प्रत उरत नाही. त्या मॉड्यूलाशेजारी भाषेचा जाणकार बसलेला असणे ही आता सोय राहिलेली नाही. ते पाठरक्षणाचे पहिले कर्तव्य आहे.