संस्कृतीच्या नावे मांडलेली तूट

परदेशी कंपनीने जपानी कंपनी विकत घेतली आणि पुढे कारभार सुरळीत चालला नाही, की त्याचे खापर जपानी संस्कृतीवर फोडून मोकळे होण्याची सोयीस्कर रूढी अर्थविषयक लेखनात पडली आहे. त्या लोकांचे मौन, ज्येष्ठांविषयीचा आदर, सर्वांची संमती मिळेपर्यंत निर्णय लांबवण्याची चाल, हे सारे सहस्रावधी वर्षांचे आणि म्हणूनच परक्याला अनाकलनीय, असा हा पूर्वपक्ष आहे. भाषेची अडचण खरी आहे, आणि एकेका प्रस्तावावर खात्याखात्यांतून शिक्के उमटेपर्यंत थांबावे लागते हेही खोटे नाही. परंतु एवढ्या आधारावर रचलेला सिद्धान्त मला मान्य नाही.

आमच्या घाटनांदूरच्या शिवारात जमीन घेणारा शहाणा मनुष्य खरेदीखत आणि सातबारा पाहून थांबत नाही. शेजाऱ्याची गाडी कोणत्या बांधावरून जाते, विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाकोणाची, हे तो चार जाणत्यांना विचारतो. कारण वहिवाट खतात लिहिलेली नसली तरी अज्ञेय नसते, आणि रस्ता अडवलाच तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार तिचा निवाडाही देतो. कोणाला न विचारता रस्ता नांगरून टाकणाऱ्याने मागाहून गावच्या स्वभावाला बोल लावावा, यात कसले आले तत्त्वज्ञान!

जपानी वहिवाटही अशीच शोधून काढण्याजोगी आहे. ज्या आजन्म नोकरीभोवती प्राचीन स्वामिनिष्ठेचे वलय उभे केले जाते, ती व्यापक स्वरूपात दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. सबळ कारणावाचून नोकरास काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय, हे तत्त्व तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दृढ केले आणि २००७ च्या श्रमकरार कायद्यात त्याचे कलम झाले. जे कायद्याच्या पुस्तकात छापलेले आहे, ते गूढ कसे?

फ्रान्सच्या रेनो या मोटार कंपनीने १९९९ साली जपानच्या निसानमध्ये भांडवल घातले, तेव्हा तिने तेथे पाठवलेल्या कार्लोस घोन यांनी पाच कारखाने बंद करण्याची, २१,००० जागा कमी करण्याची आणि पुरवठादार कंपन्यांतील भाग विकून टाकण्याची योजना जाहीर केली. पूर्वपक्षाच्या मते यातील एकेक गोष्ट अशक्य कोटीतली; पण निसानच्याच निरनिराळ्या खात्यांतील अधिकाऱ्यांचे गट बसवून ती योजना तयार करवून घेतलेली असल्यामुळे अमलात आली, आणि दुसऱ्याच वर्षी कंपनी नफ्यात आली.

मुंबईच्या लुपिनचे उदाहरण तर आपल्या घरचे, तरी या वादात ते कोणी काढत नाही. २००७ साली तिने क्योवा ही जपानी औषध कंपनी घेतली, बारा वर्षे चालवली आणि २०१९ साली विकली. तेथील धंद्याची अडचण असली तर ती उघड आहे: औषधांच्या किमती सरकार ठरवते आणि वेळोवेळी खाली आणते. विकताना लुपिनने स्वतः सांगितले ते ताळेबंद सबळ करण्याचे कारण. त्यात नम्रतेचा वा मौनाचा उल्लेख नाही.

घोन यांना २०१८ साली अटक झाली, हे प्रतिपक्षाचे अखेरचे अस्त्र. त्यांच्यावरील पहिला आरोप वेतन लपवल्याचा होता. दोन कंपन्यांतले जुने शल्य मात्र निराळेच, की रेनोकडे निसानचे सुमारे ४३ टक्के भाग मतासह, आणि निसानकडे रेनोचे १५ टक्के, तेही मताविना. २०२३ साली दोघांचा मताधिकार १५ टक्क्यांवर आणून तो तंटा मिटवण्यात आला. त्यासाठी कोणाला आपली संस्कृती बदलावी लागली नाही.